बाहेर गेला तो शून्य

भावाची मुलगी यंदा अकरावीला गेली. परवा फोनवर विचारत होती, आत्या, अकरावीच्या गणितात असतं तरी काय, आधीच सांगून ठेव म्हणजे घाबरायला नको. मी तिला धडे सांगितले. संच, फंक्शन, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, श्रेढी, सरळ रेषा आणि शेवटी लिमिट, जिथून पुढं बारावीचं कॅल्क्युलस सुरू होतं. पंचवीस वर्षं हेच शिकवते आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी क्रम चुकायचा नाही. ती म्हणाली, बास, एवढंच? मी म्हणाले, हो गं, एवढंच. खोटं बोलले. आमच्या वेळी त्या गणितात आणखी बरंच काही होतं आणि ते पुस्तकात छापलेलं नव्हतं. ते इथं लिहून ठेवते. वाचून कुणाला माझा राग आला तर खुशाल येऊ द्या, मला स्वतःचा येऊन येऊन आता त्याची सवय झाली आहे.

मी नांदेडची. वडील बसडेपोत मेकॅनिक, हाताला कायम ग्रीसचा वास. दहावीला मला गणितात चांगले मार्क पडले आणि गल्लीतल्या चार शहाण्यांनी वडिलांच्या डोक्यात भरवलं की पोरगी हुशार असली तर लातूरला टाकायची. तेव्हा तसंच होतं. भूकंपानं लातूरचं नाव देशभर झालं होतं आणि मार्कांनीही तेव्हाच. एकीकडं पत्र्याच्या शेडमध्ये माणसं राहत होती आणि दुसरीकडं गल्लीगल्लीत पत्र्याच्याच शेडमध्ये क्लास निघत होते. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. वडिलांनी माझी ट्रंक स्वतः वेल्डिंग करून दिली आणि मला मावशीच्या घरी सोडलं. नांदेडला घराजवळ गोदावरी, हवं तेव्हा हवं तेवढं पाणी. लातूरला उतरल्या उतरल्या मावशीनं तांब्या दाखवून सांगितलं, तोंड धुवायला एवढं.

मावशी एकटी. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. तिनं घराच्या तीन खोल्या क्लासच्या पोरींना दिल्या होत्या आणि नऊ जणींचं जेवण ती रांधायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती बघून काही आया पोरीला घेऊन आल्या पावली माघारी जायच्या. मावशी म्हणायची, बरं झालं, जागा वाचली. सकाळी पाचला घर उठायचं. एका खोलीत केमिस्ट्री, दुसरीत बायोलॉजी आणि आमच्या खोलीत ‘साइन ए कॉस बी अधिक कॉस ए साइन बी’. मावशी चार बुकं शिकलेली, पण ऐकून ऐकून तिलाही पाठ झालं होतं. भाकरी थापताना त्याच चालीवर ‘साइन कॉस, कॉस साइन’ म्हणत हात चालवायची. ज्वारीची भाकरी, येसराची झणझणीत आमटी, शेंगाची चटणी, रविवारी धपाटे आणि दही. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, पाण्यात सोडलं की आमटी तयार. अजूनही कुठं येसर भाजल्याचा वास आला की मला भूक लागत नाही, परीक्षा आहे असं वाटतं.

माझ्या खोलीत मंगल होती. औशाच्या पलीकडच्या एका गावातली. गाव आता नव्हतं. तिची आई आणि धाकटा भाऊ त्या पहाटे गेले आणि तिला उजाडल्यावर बाहेर काढलं, एवढंच ती सांगायची आणि एवढंच आम्ही विचारायचो. तिला सोडायला वडील आले होते. खांद्यावर टॉवेल टाकलेला वाळका माणूस. तसबिरीकडं त्यांनी पाहिलं नाही, खोली पाहिली नाही, जेवणात काय असतं विचारलं नाही. दारात उभं राहून वर बघत म्हणाले, “ताई, वरी काय हाय? धाबं न्हाई ना?” मावशीनं सांगितलं, पत्रा आहे भाऊ. तेव्हा ते आत आले. धाब्याचं घर म्हणजे जाड दगडमातीच्या भिंती आणि लाकडावर हातभर माती टाकून केलेलं छप्पर. पाणी गळू नये म्हणून दर साली पावसाळ्याआधी वर आणखी माती चढवायची. मंगलनंच एकदा सांगितलं, दर साली बाबा वर माती टाकायचे, मी खालून टोपली द्यायचे, तीच माती आईवर पडली. असं ती शेंगा फोडता फोडता सांगायची, आवाज चढायचा नाही की पडायचा नाही. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. नव्या वस्तीत मोजमाप घ्यायला इंजिनिअर आले तेव्हा त्यांच्या टेपचं एक टोक तिनं दिवसभर धरलं होतं. भिंत कशी पडती ते मला शिकायचंय, म्हणायची.

ती माझ्याहून हुशार होती. हे लिहायला मला तीस वर्षं लागली, पण होती. आम्ही दोघी मराठी शाळेतून आलेल्या आणि अकरावी एकदम इंग्रजीत. मी थीटा आणि बीटाला बिचकून होते. रेडियन म्हणजे काय हे मला वर्गात चार वेळा ऐकूनही कळलं नव्हतं. मंगलनं मावशीची जेवणाची थाळी घेतली, मध्यापासून काठापर्यंत दोरा मोजून तोडला आणि तो दोरा काठावर गोल लावत गेली. “बघ, सहा वेळा बसतोय आन थोडा उरतोय. तो एक दोरा काठावर बसला की मधी जो कोन होतोय, तो एक रेडियन.” झालं. आजही मी वर्गात थाळी आणि दोरा घेऊन जाते. पोरं म्हणतात, मॅडम, काय भारी आयडिया. मी आजवर एकदाही सांगितलं नाही की आयडिया कुणाची.

आता सर. क्लासचे मालक, गणित तेच शिकवायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि हात एवढा नेमका की फेकलेला खडू कपाळाच्या मधोमध बसायचा. पहिल्या दिवशी आम्ही दोनशे पोरं त्या पत्र्याच्या हॉलमध्ये बसलो होतो. सर म्हणाले, “अकरावी म्हणजे पाया. बारावीचं कॅल्क्युलस म्हणजे वरचा मजला. तुम्ही दहावीपर्यंत दगडमातीचं बांधून आलाय. हलवलं की पडतंय. मी हलवणार.” मग विचारलं, भूकंपाच्या गावचे कोण कोण आहेत, उभे राहा. अकरा जण उठले. त्यांना वाटलं असेल काही सवलत द्यायची आहे. सर आम्हाला म्हणाले, यांना विचारा, पाया कच्चा असला की काय होतं. हॉल हसला. मी मागं राहिले नाही, मीही हसले. मंगल उभीच होती, खाली बसा म्हणायला सर विसरले होते.

दर सोमवारी टेस्ट आणि मंगळवारी नवी जागा. पहिला नंबर पहिल्या बाकावर, मग उतरत उतरत शेवटपर्यंत. मार्क खालून वर वाचायचे. शेवटच्या दोन बाकांना सरांनी नाव दिलं होतं, ढिगारा. मंगळवारी ते हातात यादी घेऊन विचारायचे, चला, ढिगाऱ्याखाली आज कोण कोण? कुणी तिथून वर सरकला तर, अरे, हा जिवंत निघाला! आणि दोनशे पोरं फिदीफिदी हसायची, कारण हसणारा तेवढ्यापुरता तरी ढिगाऱ्याबाहेर असायचा. सर वाईट शिकवायचे असं मात्र म्हणवत नाही. लिमिट त्यांच्याइतकं सोपं करून मी अजून कुणाला शिकवताना पाहिलं नाही. जवळ जायचं, आणखी जवळ जायचं, पोचायचं नाही. माणूस दुष्ट होता आणि मास्तर पहिल्या नंबरचा. दोन्ही एका अंगात मावतं, हे मी तिथंच शिकले.

आणि एक नियम होता. त्या वर्षी बारीक बारीक धक्के चालूच असायचे. पत्रा वाजला की सगळा हॉल धडाधडा रस्त्यावर, आणि निम्मी पोरं तिथूनच वडापाव खायला पसार. सर वैतागले. दाराशेजारी भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेतलं, ‘पेपर चालू असताना बाहेर गेला तो शून्य.’ धक्का येवो नाही तर आणखी काही येवो. पत्रा आहे, म्हणायचे, अंगावर पडला तरी कुणी मरत नाही. पालकांना तो नियम फार आवडला होता. माझ्या वडिलांनाही.

दिवाळीआधी मोठा पेपर असायचा. त्यात पहिले चाळीस ते अ बॅच, त्यांना बारावीपर्यंत सर स्वतः शिकवणार. बाकीच्यांना सरांचे शिष्य. दसऱ्याला वडील आले, आईनं दिलेल्या करंज्या घेऊन. मावशीच्या ओसरीवर बसून म्हणाले, अ बॅच आली तर ठीक, न्हाई तर चल माघारी, देगलूरचा मामा लई दिवसापासून विचारायलाय. देगलूरच्या मामाचा मुलगा मी दोनदा पाहिला होता. त्याची पिठाची गिरणी होती आणि दोन्ही वेळा तो गिरणीच्या पट्ट्याबद्दलच बोलला होता. मावशी मधे पडली, म्हणाली, भावजी, पोरगी शिकायलीय, खामखा घाई कशाला? वडील म्हणाले, मी कुठं न्हाई म्हणायलोय, चाळिसात ये म्हणायलोय. माझा नंबर तेव्हा एकेचाळीस-बेचाळीसच्या आसपास घुटमळत होता. मंगलचा अडतीस.

आमच्या खोलीत फळीवर दोन स्टीलचे पेले एकावर एक उपडे ठेवलेले असायचे. एक तिचा, एक माझा. धक्का आला की वरचा पडून आवाज होतो. तेव्हा लातुरात घरोघर असं काहीतरी रचलेलं असायचंच, त्यात नवल नव्हतं. पण मंगलला पेल्याची गरज नव्हती. ती वर्गात चप्पल काढून बसायची, तळवे जमिनीला लावून. ते कळल्यावर पहिले काही आठवडे पोरं मुद्दाम तिचा बाक गदागदा हलवायची. ती ढिम्म हलायची नाही. मी विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, “त्येंचं धसमुसळं असतंय, कळतंय. खरं येतं तवा आधी बारीक असतंय. तळपायाला मुंग्या आल्यागत. मग थोडं थांबतंय. मोठं त्याच्या मागून येतंय.” ही गोष्ट तिनं आणखी कुणाला सांगितली नव्हती. मला सांगितली, कारण मी तिची मैत्रीण होते. मी ऐकलं आणि ठेवून दिलं. तेव्हा काही मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण शपथेचा उपयोग काय?

पेपरच्या दिवशी आम्ही एका बाकावर होतो, अडतिसावी आणि एकेचाळिसावी, मधे दोन मुलं. सगळे नंबराप्रमाणे बसले आणि दाटी होते म्हणून आमच्या मधल्या दोघांना सरांनी फळ्याजवळच्या जादा बाकावर हलवलं, म्हणून मी तिच्या अगदी शेजारी सरकले. लोखंडाचा लांब बाक, बसायचं आणि लिहायचं एकत्र जोडलेलं, आणि खाली पाय ठेवायला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच गज, लिहिताना मंगलचे अनवाणी तळवेही त्यावरच. सकाळचं ऊन पत्र्यावर तापत होतं. पहिले तीन प्रश्न मला आले. चौथा अर्धा आला. पाचवा लिमिटचा होता, कॉस आणि साइनचा गुंता. मी त्याच्याकडं बघत बसले आणि मला देगलूरची गिरणी दिसायला लागली. खरंच, आवाजासकट. शेजारी मंगलचं पेन थांबत नव्हतं. तिनं उत्तराचं पान उलटलं तेव्हा मला कळून चुकलं की ही चाळिसात जाणार, आणि मी जायची तर कुणीतरी एक जण बाहेर निघायला हवा.

मी पाय गजावर ठेवला आणि टाच हलवली. मोठं नाही. बारीक, अगदी बारीक, तळव्याला मुंग्या येतील एवढंच. तिचं पेन थांबलं. मग मी थांबले. थांबायचं असतं हे मला माहीत होतं. मोजून तीन श्वास, आणि मग पुन्हा, थोडं जोरात. हे सगळं मी करत होते आणि माझी नजर पाचव्या प्रश्नावरून हलली नव्हती.

मंगल उठली. मला वाटलं होतं ती पळेल. ती पळाली नाही आधी. तिनं माझं मनगट धरलं. “सुनंदा, ऊठ. ऊठ, चल.” तिचा हात बर्फासारखा गार होता आणि पकड अशी की दोन दिवस वळ राहिला. ती मला ओढत होती. दुसऱ्या हातानं मी बाकाची कड धरली आणि मनगट झटकून सोडवून घेतलं. ती एक क्षण माझ्याकडं बघत राहिली, मग धावत दारातून बाहेर गेली. हॉलमध्ये कुणीच हललं नव्हतं. पत्रा वाजला नव्हता. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. ती बाहेर रस्त्यावर अनवाणी उभी होती आणि आत बघून सांगत होती, “सर, सुनंदा आत हाय. तिला बाहेर काढा.”

सरांनी तिचा पेपर उचलला. शांतपणे वाचला, पाचव्या प्रश्नावर बोट ठेवून मान हलवली, म्हणजे बरोबर होता. मग उभा आडवा फाडला. दाराशेजारच्या ओळीकडं खडू दाखवत विचारलं, “धक्का काय तुला एकटीलाच बसला का गं?” हॉल पुन्हा हसला. मी एकटी हसले नाही, पण त्याला काही चांगुलपणा म्हणू नका, मी लिहीत होते. तिचं उत्तर मी पान उलटताना पाहिलं होतं. पाचवा प्रश्न मी पूर्ण सोडवला.

मंगळवारी यादी लागली. मी चाळिसावी. मंगल शून्यावर, म्हणजे शेवटचा बाक. मावशीनं माझ्यासाठी शिरा केला आणि मंगलला काय बोलावं हे न कळून तिच्या ताटात दोनदा वाढला. तिनं सगळा खाल्ला. दिवे लागायच्या वेळी ती खोलीत पिशवी भरायला लागली. मी म्हणाले, ब बॅच पण चांगली असते, त्या बाकावरून लोक वर येतात, तू तर दोन आठवड्यांत येशील. काय जीभ होती माझी! ती म्हणाली, “त्या ढिगाऱ्यात मी बसणार न्हाई. एकदा बसले तेवढं बास.” मग पिशवीची नाडी ओढत, माझ्याकडं न बघता म्हणाली, “मला वाटलं खरंच आलं. बाहेर गेल्यावर बी वाटत होतं. मग आठवलं, तू हात सोडवून घेतलास. खऱ्या भूकंपात कुनी धरलेला हात सोडवत न्हाई, सुनंदा.”

मी नाही म्हणाले असते तरी तिनं ऐकून घेतलं असतं, ती तशी होती. निरोप मिळून सकाळी तिचे वडील आले, तोच टॉवेल खांद्यावर. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, मावशीला हात जोडले आणि पिशवी उचलली. ती गेल्यावर मी फळीकडं पाहिलं. तिनं खालचा तिचा पेला नेला होता आणि माझा नीट उपडा ठेवला होता.

पुढं कळलं की तिनं औशाला आर्ट्स घेतलं आणि बारावीनंतर मुरुडकडं लग्न झालं. एकदा औशाच्या स्टँडवर मला ती पाठमोरी दिसली असं वाटलं. माझी बस दहा मिनिटं थांबली होती. मी उतरले नाही. मावशीला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, लहान होतीस. सोळा वर्षांची बाई लहान नसते, निदान देगलूरच्या मामाला तरी ती लहान वाटत नव्हती.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण संक्रांतीनंतर एका सोमवारी अ बॅचचा पेपर चालू होता आणि खरा धक्का आला. आधी तळपायाला मुंग्या. मंगलनं सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच. मग थोडं थांबलं. मग पत्रा असा वाजला की वर कुणी खडी ओतल्यासारखं वाटलं, फळा भिंतीवर आपटला, बाहेर बायका ओरडत रस्त्यावर धावल्या. चाळीस जण बाकांना घट्ट धरून बसून राहिलो. कुणी उठलं नाही. माझ्या शेजारी उदगीरची एक मुलगी होती, एकोणचाळिसावी. मी काही विचार न करता तिचा हात धरला. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हात सोडवून घेतला आणि पुढची ओळ लिहायला लागली. तेव्हा मला कळलं की मंगलचं चुकलं होतं. आम्ही खऱ्या भूकंपातसुद्धा हात सोडवत होतो.

पत्रा थांबला. सर दारात उभे होते, बाहेर नाही, आत नाही, नेमके उंबऱ्यावर. त्यांनी घाम पुसला, चाळीस डोकी मोजली आणि हसले.

“शाब्बास,” म्हणाले. “याला म्हणतात पाया.”

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.